मतदान यंत्रावरील लोकविश्वास आणि निवडणूक निकालाची पडताळणी : अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

सारांश : इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राविषयीची चर्चा बहुधा 'यंत्रात फेरफार होतो की नाही' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखात त्याऐवजी 'पराभूत उमेदवारास व सामान्य मतदारास निकाल स्वतः पडताळून पाहता येतो काय' या प्रश्नाचे विवेचन केले आहे. त्यासाठी २०२४ मध्ये अहमदनगर लोकसभा मतदारसंघात व त्यानंतर जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघांत घडलेल्या घटनांचा आधार घेतला असून यंत्राची रचना, कायद्यातील तरतुदी, नमुना पडताळणीचे गणित आणि मतदान केंद्रावरील नोंदींचे महत्त्व यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : मतदान यंत्र, व्हीव्हीपॅट, पडताळणी, १७-सी नमुना, लोकविश्वास.

१. प्रस्तावना

लोकशाही शासनव्यवस्थेत निवडणुकीचे कार्य दुहेरी असते. विजयी उमेदवारास अधिकार बहाल करणे हे त्यातील पहिले कार्य, तर पराभूत उमेदवारास व त्याच्या अनुयायांस आपला पराभव मान्य करता यावा अशी स्थिती निर्माण करणे हे दुसरे. पहिल्या कार्याकडे सर्वांचे लक्ष असते. दुसरे कार्य मात्र ते नीट पार पडत नाही तेव्हाच लक्षात येते. विजयी पक्षास निकालाचा पुरावा मागण्याची गरज सहसा भासत नाही. तो मागतो पराभूत पक्ष. म्हणून निवडणूक पद्धतीची खरी कसोटी पराभूताच्या समाधानात असते असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या दृष्टीने अहिल्यानगर जिल्ह्याचा अनुभव अभ्यसनीय आहे. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामकरण झाले. याच वर्षी अवघ्या सहा महिन्यांच्या अंतराने जिल्ह्यात लोकसभा व विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या आणि दोहोंचे कौल परस्परविरुद्ध दिशेने गेले. त्यामुळे मतदान यंत्राविषयीच्या शंकाही एका राजकीय बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेल्या. शंका कोणत्याही एका पक्षाची मक्तेदारी नसून ती व्यवस्थेतील एका उणिवेकडे निर्देश करते, हे या जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२. जिल्ह्यातील २०२४ चे चित्र

अहमदनगर लोकसभा मतदारसंघात १३ मे २०२४ रोजी मतदान झाले. ४ जून रोजी जाहीर झालेल्या निकालात राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या (शरदचंद्र पवार) निलेश लंके यांनी भारतीय जनता पक्षाचे डॉ. सुजय विखे पाटील यांचा २८,९२९ मतांनी पराभव केला. मतमोजणीपूर्वी, मे महिन्यातच, मतदान यंत्रे ठेवलेल्या गोदामाच्या सुरक्षिततेविषयी लंके यांनी जाहीरपणे शंका उपस्थित केली होती. निकालानंतर डॉ. विखे पाटील यांनी ४० मतदान केंद्रांवरील यंत्रांच्या पडताळणीसाठी अर्ज केला. म्हणजे एकाच निवडणुकीत दोन्ही प्रमुख उमेदवारांना, आपापल्या अडचणीच्या क्षणी, यंत्राविषयी खात्री हवी होती.

या लोकसभा निवडणुकीनंतर संपूर्ण देशातून अशा पडताळणीसाठी केवळ आठ उमेदवारांचे अर्ज आले. त्यांत भारतीय जनता पक्षाचे तीन, काँग्रेसचे तीन आणि अन्य दोन पक्षांचा प्रत्येकी एक उमेदवार होता. या आठ अर्जांत मिळून ९२ मतदान केंद्रांचा समावेश होता व त्यांपैकी ४० केंद्रे एकट्या अहमदनगर मतदारसंघातील होती. देशातील एकूण मागणीच्या दोन-पंचमांशांहून अधिक वाटा एकाच मतदारसंघाचा असणे ही या जिल्ह्याच्या दृष्टीने लक्षणीय बाब आहे.

त्यानंतर २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले व २३ नोव्हेंबर रोजी निकाल लागला. १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले काँग्रेसचे बाळासाहेब थोरात संगमनेरमध्ये १०,५६० मतांनी पराभूत झाले. पारनेरमध्ये राणी लंके यांचा काशिनाथ दाते यांच्याकडून १,५२६ मतांनी पराभव झाला. कर्जत-जामखेडमध्ये मात्र विरोधी आघाडीचे रोहित पवार यांनी राम शिंदे यांच्यावर १,२४३ मतांनी विजय मिळविला. या वेळी शंकेचा सूर महाविकास आघाडीच्या बाजूने उमटला व जिल्ह्यातील काही पराभूत उमेदवारांनीही पडताळणीचा मार्ग अवलंबिला.

या घटनांवरून 'हरणारा रडतोच' असा निष्कर्ष काढून विषय संपविणे सोपे आहे. तथापि तो निष्कर्ष अपुरा आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी येथील ग्रामस्थांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःहून मतपत्रिकेवर प्रति-मतदान घेण्याचे ठरविले होते. प्रशासनाने मनाई आदेश लागू केल्याने ते होऊ शकले नाही. या मतदारसंघात त्या ग्रामस्थांचा पाठिंबा असलेले उत्तमराव जानकर हेच विजयी झाले होते. ग्रामस्थांचा आक्षेप केवळ आपल्या गावातील आकड्यांना होता. निकाल आपल्या बाजूने लागूनही शंका शिल्लक राहू शकते, हे या उदाहरणावरून दिसते. अशा शंकेचे मूळ शोधण्यासाठी यंत्राची रचना व त्याचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

३. यंत्राची वाटचाल व रचना

केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघातील ५० केंद्रांवर १९ मे १९८२ रोजी भारतात प्रथमच मतदान यंत्राचा वापर झाला. कायद्यात तशी तरतूद नसल्याच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवरील मतदान रद्द ठरविले आणि फेरमतदानानंतर निकालही बदलला. पुढे लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम ६१-अ समाविष्ट करून यंत्रास कायद्याचे अधिष्ठान देण्यात आले. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रांचा वापर झाला आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांत ती वापरली गेली. मतपत्रिकांच्या काळातील केंद्रे बळकावणे, शिक्के मारून पेट्या भरणे आणि मोठ्या संख्येने मते बाद होणे या दोषांना यंत्रामुळे आळा बसला, ही बाब यंत्राच्या टीकाकारांनीही विसरता कामा नये. यंत्र मिनिटाला चारपेक्षा अधिक मते स्वीकारत नसल्याने केंद्र ताब्यात घेऊनही घाऊक मतदान करणे कठीण झाले.

यंत्राची रचना तत्त्वतः साधी आहे. बॅलट युनिटवर उमेदवारांसमोर बटणे असतात आणि कोणत्या क्रमांकाचे बटण किती वेळा दाबले गेले याची नोंद कंट्रोल युनिटमध्ये होते. हे यंत्र इंटरनेटशी वा अन्य कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नसते. त्याची निर्मिती भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड व इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया लिमिटेड या दोन सार्वजनिक उपक्रमांत होते. प्रथमस्तरीय तपासणी, यंत्रांची दोन टप्प्यांतील सरमिसळ, मोहोरबंदी आणि मतदानाच्या दिवशी प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मतांचे अभिरूप मतदान हे यंत्राच्या सुरक्षिततेचे प्रशासकीय टप्पे होत. कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार हे आधी ठाऊक नसल्याने पूर्वनियोजित फेरफार अवघड होतो, अशी त्यामागील भूमिका आहे.

तथापि यंत्र उघडून पाहणाऱ्या अभ्यासकांनी काही प्रश्न उपस्थित केले. हरी प्रसाद, जे. ॲलेक्स हाल्डरमन व रॉप गाँगग्राइप यांनी २०१० मध्ये तत्कालीन यंत्राचे सुरक्षाविषयक विश्लेषण प्रसिद्ध केले. यंत्र प्रत्यक्ष हाती लागल्यास त्यात फेरफार करता येतो, हे त्यांनी प्रात्यक्षिकासह मांडले. अभ्यासासाठी वापरलेले यंत्र मुंबईतील शासकीय गोदामातून गेल्याच्या प्रकरणी ऑगस्ट २०१० मध्ये हरी प्रसाद यांना अटकही झाली. यंत्र हाती लागू देणे हीच सुरक्षेतील त्रुटी होती, असे यंत्राच्या समर्थकांचे म्हणणे होते. तर यंत्राच्या विश्वासार्हतेचा सारा भार कुलपांवर व मोहोरांवर असणे हीच त्रुटी होय, असा टीकाकारांचा प्रतिवाद होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते. या वादास कागदी पुराव्याच्या रूपाने उत्तर देण्याचा प्रयत्न पुढे झाला.

४. कागदी पुराव्याचा प्रवेश

२०१३ मध्ये निवडणूक नियमांत सुधारणा होऊन व्हीव्हीपॅट म्हणजेच मतदाराने पडताळण्याजोग्या कागदी चिठ्ठीची व्यवस्था आली व त्याच वर्षी नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत तिचा प्रथम वापर झाला. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मुक्त व न्याय्य निवडणुकीसाठी अनिवार्य असल्याचे नमूद केले. बटण दाबल्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते व नंतर पेटीत पडते. यंत्रातील आकडा आणि चिठ्ठ्यांची मोजणी यांत तफावत आढळल्यास नियम ५६-डी नुसार चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते. म्हणजे कायद्याने कागदाचे श्रेष्ठत्व आधीच मान्य केलेले आहे. प्रश्न एवढाच उरतो की हा कागद किती प्रमाणात मोजला जातो.

आरंभी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील एकाच केंद्राच्या चिठ्ठ्या मोजल्या जात. ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या पाच केली. त्यानुसार अहिल्यानगर जिल्ह्यातील १२ विधानसभा मतदारसंघांत मिळून ६० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील १,४४० व्हीव्हीपॅट यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजण्यात आल्या व कोठेही तफावत आढळली नाही, असे भारत निवडणूक आयोगाने जाहीर केले.

२६ एप्रिल २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने मतपत्रिकेकडे परतण्याची तसेच सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्याच वेळी दोन निर्देश मात्र दिले. चिन्हे भरण्यासाठी वापरलेली उपकरणे मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस जतन करावीत, हा पहिला निर्देश होता. दुसऱ्या निर्देशानुसार दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची पडताळणी उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांकडून करावी लागते. खर्च उमेदवाराने सोसावा व फेरफार सिद्ध झाल्यास तो परत मिळावा, अशी त्यात तरतूद होती. डॉ. विखे पाटील यांचा अर्ज याच तरतुदीखाली होता. त्या वेळी ठरविलेले शुल्क करासह प्रतिसंच ४७,२०० रुपये होते. या दराने ४० संचांचा हिशेब १८ लाख ८८ हजार रुपये होतो. साधनसंपन्न उमेदवारास हे शक्य असले तरी सामान्य उमेदवाराच्या दृष्टीने हा मार्ग जवळजवळ बंदच होता.

या पडताळणीची तांत्रिक कार्यपद्धती १६ जुलै २०२४ रोजी, म्हणजे निकालानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, निश्चित झाली. तीत मुख्य भर नव्याने अभिरूप मतदान घेण्यावर होता. यंत्र आज योग्य रीतीने चालते एवढेच अशा मतदानाने दिसते. मतदानाच्या दिवशी काय घडले याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यामुळेच फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या वेळी यंत्रातील मूळ माहिती पुसू नये अथवा नव्याने भरू नये असे आयोगास सांगितले. पराभूतास दिलेला पडताळणीचा अधिकार तत्त्वतः मोठा असला तरी त्याची अंमलबजावणी अर्थपूर्ण होण्यास वेळ लागला, हे यावरून लक्षात येते.

५. नमुना पडताळणीचे गणित

प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रे ही संख्या पुरेशी आहे काय, याचे उत्तर मताधिक्यावर अवलंबून असते. पुढील उदाहरण केवळ गणिती आहे. जिल्ह्यात असा काही प्रकार झाला असे सुचविण्याचा त्यात हेतू नाही. पारनेरमधील मताधिक्य १,५२६ होते. असा निकाल उलटण्यासाठी एका उमेदवाराची ७६४ मते दुसऱ्याकडे जाणे पुरेसे असते. एका केंद्रावर १०० मते इकडची तिकडे होऊ शकतात असे गृहीत धरल्यास त्यासाठी आठ सदोष केंद्रे पुरतात. मतदारसंघात ३०० केंद्रे असून त्यांतील पाच यादृच्छिक पद्धतीने निवडली, तर या आठांपैकी किमान एक तरी हाती लागण्याची शक्यता सुमारे १३ टक्के येते.

हाच हिशेब लोकसभेच्या २८,९२९ मताधिक्यास लावून पाहू. येथे १४,४६५ मते फिरावी लागतील, म्हणजे १४५ सदोष केंद्रे लागतील. सहा विधानसभा क्षेत्रांत मिळून १,८०० केंद्रे असून त्यांपैकी ३० निवडली जातात असे धरल्यास किमान एक सदोष केंद्र सापडण्याची शक्यता सुमारे ९२ टक्के होते. नियम तोच असूनही एका ठिकाणी तो भक्कम पुरावा देतो व दुसऱ्या ठिकाणी अगदीच दुबळा ठरतो.

संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी यावर सुचविलेला उपाय असा, की तपासणीचे प्रमाण ठराविक न ठेवता मताधिक्याशी निगडित ठेवावे. मताधिक्य मोठे असेल तेथे थोडी केंद्रे तपासावीत आणि चुरशीच्या लढतीत अधिक केंद्रे तपासावीत. वरील उदाहरणातील आठ सदोष केंद्रांपैकी एखादे सापडण्याची शक्यता ९० टक्के हवी असल्यास ३०० पैकी सुमारे ७५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतील. त्यास वेळ व मनुष्यबळ लागेल हे खरे. परंतु इतक्या अटीतटीच्या लढती मोजक्याच असतात. पारनेरमध्ये सत्ताधारी बाजू व कर्जत-जामखेडमध्ये विरोधी बाजू अशाच अल्प मताधिक्याने विजयी झाल्याने या उपायाचा लाभ दोन्ही बाजूंच्या पराभूतांस सारखाच झाला असता.

६. केंद्रनिहाय आकडे आणि गावातील शंका

मारकडवाडीच्या उदाहरणात आणखी एक मुद्दा दडलेला आहे. मतपत्रिकांच्या काळात मतदारांची गुप्तता राखण्यासाठी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांची मोजणी मात्र केंद्रनिहाय होते आणि कोणत्या गावाने कोणास किती मते दिली हे दुसऱ्या दिवशी सर्वांस कळते. गावात प्रत्येकजण प्रत्येकास ओळखत असल्याने 'आमच्याकडे अमुक इतकी मते पडायला हवी होती' असा अंदाज बांधलेला असतो. प्रत्यक्ष आकडा त्याहून वेगळा निघाला की संशय बळावतो. वास्तविक मतदान गुप्त असल्याने शेजाऱ्याने पारावर सांगितलेले मत आणि यंत्रावर दिलेले मत भिन्न असू शकते. अनेक यंत्रांची मते एकत्रित मोजणाऱ्या 'टोटलायझर' या उपकरणाचा प्रस्ताव आयोगाने पूर्वी मांडला होता. परंतु तो स्वीकारला गेला नाही.

तथापि केंद्रनिहाय आकड्यांचा एक मोठा फायदाही आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७-सी नमुन्यात नोंदविलेल्या एकूण मतांची संख्या लिहून त्याची प्रत मतदान प्रतिनिधींस देतात. मोजणीच्या वेळी त्याच केंद्राच्या कंट्रोल युनिटवरील एकूण आकडा या प्रतीशी ताडून पाहता येतो. त्यासाठी अभियंत्याची गरज नसते. वाचता येणाऱ्या कोणत्याही प्रतिनिधीस हे काम करता येते. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी मतदान संगणकांविषयी निर्णय देताना हाच निकष लावला होता. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकासही तपासता आले पाहिजेत, असे त्याचे सार होते. आपल्याकडे १७-सी नमुना व व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ही दोनच साधने या निकषास उतरतात. म्हणून त्यांची व्याप्ती वाढविणे इष्ट ठरते.

या पार्श्वभूमीवर काही बाबी विचारात घेण्याजोग्या आहेत. डिसेंबर २०२५ मधील नगरपरिषदांच्या व जानेवारी २०२६ मधील महानगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत यंत्रांवरच झाल्या. परंतु त्यांत व्हीव्हीपॅटचा वापर नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ मध्ये झालेल्या बदलामुळे केंद्रांवरील चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी पाहण्याचा नागरिकांचा अधिकार मर्यादित झाला. यामागे मतदारांच्या गोपनीयतेचे कारण देण्यात आले. ते कारण निरर्थक नसले तरी शंका वाढत असताना पुराव्याचे क्षेत्र आकुंचित झाले, असा संदेश त्यातून गेला हे नाकारता येत नाही.

७. यंत्रापलीकडील निवडणूक

निवडणुकीची शुचिता केवळ मोजणीत सामावलेली नाही, याची आठवण करून देणारा महत्त्वाचा खटला याच जिल्ह्यातील आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगरमधून यशवंतराव गडाख विजयी झाले. त्यांच्या निवडीस बाळासाहेब विखे पाटील यांनी न्यायालयात आव्हान दिले. प्रचारसभांत प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने करणे हे कलम १२३(४) नुसार भ्रष्ट आचरण ठरते. त्या आधारे उच्च न्यायालयाने गडाख यांची निवड रद्द केली आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. त्या काळी मतदान मतपत्रिकेवर होते आणि मोजणीविषयी हा वाद नव्हता. मत कसे दिले जाते याइतकेच ते कोणत्या वातावरणात दिले जाते हेही महत्त्वाचे आहे, ही त्या निकालाची शिकवण आजही लागू पडते.

मतदार यादीविषयीही असेच म्हणता येईल. शिर्डी येथील एका इमारतीच्या पत्त्यावर सुमारे सात हजार नव्या मतदारांची नोंद झाल्याचा आरोप लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सभागृहात केला व सत्ताधारी बाजूने तो नाकारला. आरोपाची सत्यासत्यता ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की अशा वादाचे निराकरण यंत्र तपासून होत नाही. यादी यंत्राने वाचता येईल अशा स्वरूपात व वेळेवर उपलब्ध असेल तरच कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता तिची छाननी करू शकतो.

८. सिद्ध झालेल्या चुका आणि आपली भूमिका

मतदान यंत्रात जाणीवपूर्वक फेरफार होऊन निकाल बदलला असे आजवर कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात चार कोटींहून अधिक चिठ्ठ्यांच्या मोजणीचा उल्लेख केला आहे. त्यांत केवळ एका प्रकरणी तफावत आढळली होती. आंध्र प्रदेशातील मैदुकूर मतदारसंघातील एका केंद्रावर २०१९ मध्ये अभिरूप मतदानाची मते पुसावयाची राहून गेल्याने ती उद्भवली होती.

दुसरे उदाहरण हरियाणातील पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू ग्रामपंचायतीचे आहे. २०२२ मध्ये झालेल्या सरपंचपदाच्या निवडणुकीतील यंत्रे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात पुन्हा मोजण्यात आली आणि निकाल उलटला. एका केंद्रावरील दोन उमेदवारांचे आकडे नोंदविताना परस्परांच्या नावे लिहिले गेले होते. यंत्राने मते बरोबर मोजली होती. चूक कागदावर झाली होती आणि ती दुरुस्त होण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली.

ही दोन्ही उदाहरणे महाविद्यालयीन अध्यापकांस विशेष जवळची वाटावीत. निवडणुकीच्या काळात आपल्यापैकी अनेकांची नेमणूक केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी वा मोजणी कर्मचारी म्हणून होते. अभिरूप मतदानाची मते पुसून 'क्लिअर' झाल्याची खात्री करणे, त्याच्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करणे आणि १७-सी नमुना अचूक भरून मागणीची वाट न पाहता प्रत्येक प्रतिनिधीस त्याची प्रत देणे, ही कामे रात्रीच्या घाईत यांत्रिकपणे उरकली जातात. वस्तुतः पराभूत उमेदवाराच्या हाती राहणारा पहिला पुरावा तोच असतो. त्यावरील एक चुकीचा आकडा पुढे कितीही तंत्रज्ञान वापरले तरी संशयाचे निमित्त ठरू शकतो.

राज्यशास्त्र, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी मिळून मतदार साक्षरतेचे उपक्रम आखल्यास विद्यार्थ्यांस केवळ 'मतदान करा' असे सांगण्याच्या पलीकडे जाता येईल. १७-सी नमुना कसा वाचावा, नमुना पडताळणी म्हणजे काय, निवडणूक याचिका ४५ दिवसांच्या आत कोठे दाखल करता येते या गोष्टी वर्गात शिकविता येण्याजोग्या आहेत. उद्याचे मतदान प्रतिनिधी याच विद्यार्थ्यांतून येणार आहेत.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की मतदान यंत्राविषयी अंधविश्वास आणि अंधसंशय या दोन्ही भूमिका सारख्याच अपुऱ्या आहेत. यंत्रामुळे जुने दोष दूर झाले हे खरे आहे आणि यंत्राच्या आत काय घडते ते नागरिकास दिसत नाही हेही तितकेच खरे आहे. 'आमच्यावर विश्वास ठेवा' असे सांगून ही दरी बुजणार नाही. त्यासाठी कागदी पुरावा पुरेशा प्रमाणात मोजला जाणे, त्याचे प्रमाण मताधिक्याशी जोडणे, पडताळणीचे शुल्क सामान्य उमेदवाराच्या आवाक्यात आणणे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांतही मतदारास चिठ्ठी दिसणे आवश्यक आहे. २०२४ मध्ये या जिल्ह्यात जूनमध्ये एका बाजूस व नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बाजूस पुराव्याची गरज भासली. आज विजयी असलेल्या प्रत्येकास उद्या ती भासू शकते. म्हणून या सुधारणांची मागणी विजयी पक्षांनीही करणे त्यांच्याच हिताचे आहे.